थोरल्या घराची उजवी काच

मुरबाड,
३ फेब्रुवारी २०२५

ती. सुरेंद्रदादा यांस,
दिपालीचा शि. सा. न. वि. वि.

दिवाळीत फोन ठेवताना तू म्हणालास, यापुढे काय असेल ते लेखी कळव. आणि मग माझा नंबर ब्लॉक केलास. तेव्हा हे लेखी. पोस्टातल्या बाईंनी विचारलंच, किन्हवलीला इथून जीपा जातात, पत्र कशाला? मी म्हटलं, आमच्या दादांना तोंडी सांगितलेलं ऐकू येत नाही.

घरी आम्ही दोघी खुशाल आहोत. यमूआत्याच्या डोळ्याचं ऑपरेशन संक्रांतीनंतर झालं. पट्टी निघाल्यावर तिने आधी माझ्याकडे बघून मी किती काळवंडले म्हणून हळहळ केली. मग घराच्या कोपऱ्यातली सगळी जळमटं मला एकेक करून दाखवली. आणि मग तिने काच मागितली.

कोणती काच ते तुला ठाऊक आहे, तरी लिहिते, कारण ठाऊक असलेलं कबूल न करण्यात तुझा हात कोणी धरणार नाही. तानसा तलावाच्या बंगल्यावर येणाऱ्या गोऱ्या साहेबाने जाताना त्याचा जर्मन कॅमेरा आणि काचांवरच्या फोटोंची पेटी माझ्या आजोबांना, बुध्याबाबांना दिली. पुढे ते आणि त्यांचे धाकटे भाऊ, म्हणजे तुझे आजोबा मंगळूबाबा, वेगळे झाले. कॅमेरा थोरल्या घरी आला, काचा बघायची दोन डोळ्यांची पेटी, जिच्यात जोडीची दोन चित्रं मिळून एक खोल चित्र दिसायचं, ती धाकट्या घरी गेली. राहिल्या काचा. प्रत्येक लांबट काचेवर एकच चित्र दोनदा शेजारीशेजारी. मग काय, दोन सारख्या म्हटल्यावर एक तुला, एक मला! शहापूरहून तसबिरीवाला आणून त्याच्या हिऱ्याने सगळ्या काचा मधोमध कापल्या. थोरल्याचा मान म्हणून उजव्या बाजू आमच्याकडे, डाव्या तुमच्याकडे. वाटणी अशी चोख झाली की त्यानंतर तुमची पेटी कोणाच्या उपयोगाची राहिली नाही.

आमच्या काचांत एक आत्याची आहे. ती चारेक वर्षांची, परकराचा बोंगा धरून उभी, आणि डाव्या कडेकडून तिच्या खांद्यावर आलेला एक हात. हातात बांगड्या, मनगटाच्या वर विंचवाचं गोंदण. कोपरापाशी काच संपते. आत्याची आई ती अंगावर पीत असतानाच गेली, तिचा दुसरा फोटो कुठेच नाही. आत्या आयुष्यभर त्या हाताला आई म्हणत आली आहे.

आता मुद्दा. ठाण्याचे पोतनीस म्हणून जुने कॅमेरे जमवणारे एक गृहस्थ गेल्या आठवड्यात आपला कॅमेरा बघून गेले. त्यांनी सांगितलं की कॅमेऱ्याच्या आत मधोमध पत्र्याचा पातळ पडदा आहे. पडदा असला की दोन भिंगांतून दोन सारखी चित्रं उमटतात. पण पडदा काढला आणि एक भिंग सरकवून मध्ये आणलं, की सगळ्या काचेवर एकच लांबलचक चित्र येतं. आत्याची काच पाहताच ते म्हणाले, ही जोडीतली नव्हे, ही लांब चित्राची अर्धी बाजू. म्हणजे दादा, तुझ्याकडच्या डाव्या काचेत आत्या नाही. त्या हाताची बाई आहे. तोंडासकट!

तेवढी काच पाठव. आत्या रोज विचारते. मी तिला शब्द देऊन बसले आहे.

वहिनींना नमस्कार, रुपालीस आशीर्वाद. लोभ शिल्लक असल्यास तो वाढवावा.

तुझी,
दिपाली


किन्हवली,
१० फेब्रुवारी २०२५

चि. दिपाली हिस,
सुरेंद्रचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. आत्याच्या डोळ्याचं वाचून बरं वाटलं. उन्हात चष्म्याशिवाय सोडू नकोस, आणि चुलीपुढे अजिबात बसू देऊ नकोस. इकडे गिरणीचा पट्टा ऐन भाताच्या भरडाईत तुटला, लोक पोती टाकून गेले आहेत, आणि त्यात तुझं चार पानी पत्र.

काचा सारख्या आहेत. आपल्या आजोबांना लिहितावाचता येत नव्हतं, डोळे होते. एक भाकरी मोडली तर अर्ध्यात भाकरी आणि अर्ध्यात वडी निघत नाही. जे तुझ्याकडे तेच माझ्याकडे.

हा पोतनीस कोण, कुठला? असे लोक मी शहापूरला पाहिलेत. आधी गोड बोलून वस्तूची माहिती सांगतात, मग सगळा संच असला तर बरं पडेल म्हणतात. कॅमेरा तुझ्या कपाटात असला तरी तो दोन्ही घरांचा आहे, हे मी दिवाळीत सांगितलं होतं आणि त्यावरच तू फोनवर ओरडलीस. आधी मी ओरडलो असं तुझं म्हणणं असेल तर ते लेखी कळव.

आत्याला सांग, झालं गेलं. या वयात जुनी काच हातात घेऊन बसू नये. तिच्याकडे हात आहे ना, तो पुष्कळ आहे.

बाकी ठीक. लोभ आहे. ब्लॉकही आहे.

तुझा,
सुरेंद्रदादा


मुरबाड,
१६ फेब्रुवारी २०२५

ती. सुरेंद्रदादा यांस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून मी आधी पाणी प्यायले. मग पुन्हा वाचलं. मग वर्गात जाऊन मुलांना विनाकारण शुद्धलेखन घातलं.

हात पुष्कळ आहे म्हणे! तुझ्या आईचा फोटो तुझ्या घरात नाही का? तिच्या कोपरापासून बोटांपर्यंतचा तेवढा ठेवला असतास का? आत्याला तू लांबून ओळखतोस. मी तिच्याच हाताखाली वाढले. तिला नवरा गेल्यावर माहेरी परतावं लागलं, पोटी मूल नाही. माझी आई कामावर जायची तेव्हा मला न्हाऊ-माखू घालणारी, पाटी घेऊन शाळेत सोडणारी हीच. तिने आजवर माझ्याकडे पोळीभाजीपलीकडे काही मागितलं नाही. आता एक गोष्ट मागितली आणि ती नेमकी तुझ्या घरात निघावी हे माझं नशीब.

कॅमेरा मी विकणार नाही. पोतनीसांना तसं सांगितलं आहे. ते बिचारे खट्टू झाले, कारण असला पडदा शाबूत असलेला कॅमेरा सहसा मिळत नाही म्हणे, लोक पडदा काढून कुठेतरी ठेवतात आणि हरवतात. त्यांनी हातमोजे घालून तो पडदा वर-खाली केला तेव्हा त्यांचा चेहरा बघण्यासारखा होता. तरीही ते नुसता चहा घेऊन गेले. एवढं झाल्यावरही तुला संशयच असेल तर कॅमेरा तुझ्याकडे नेऊन ठेव. भरडाईच्या पोत्यांवर ठेव. पण काच पाठव.

आत्या सकाळी अंगणात म्हसा गावच्या जत्रेतलं घोंगडं पांघरून बसते, काच उन्हाकडे धरते, आणि आई रंगाने कशी असेल, नाक कोणासारखं असेल, असं मला विचारते. मी काय सांगू? ती स्वतःच्या नाकाला हात लावून बघते. मला ते बघवत नाही.

जगनची जीप रोज सरळगाववरून तुमच्याकडे येते. त्याच्याकडे दे, मी स्टँडवर येऊन घेईन.

लोभ करावा, निदान आत्यावर तरी.

दिपाली


किन्हवली,
२३ फेब्रुवारी २०२५

चि. दिपाली हिस,
अनेक आशीर्वाद.

जगनबरोबर काच पाठवत आहे. जुन्या साडीच्या तुकड्यात गुंडाळून डब्यात ठेवली आहे, डबा परत कर, तो तुझ्या वहिनीचा आहे. पेटीत होत्या त्यांतली हीच काय ती तुझ्या वर्णनाच्या जवळ जाणारी. बाकीच्या डोंगराच्या आणि पाण्याच्या आहेत, काहींना बुरशी आली आहे. यानंतर हा विषय वाढवू नये ही विनंती.

पट्टा बसला. भरडाई सुरू.

लोभ आहेच.

सुरेंद्रदादा


मुरबाड,
२६ फेब्रुवारी २०२५

सुरेंद्रदादा,

नमस्कार लिहिण्याचीही इच्छा नाही, तरी लिहिते. नमस्कार.

तू कुत्रा पाठवलास.

बंगल्याच्या पायरीवर बसलेला साहेबाचा कुत्रा. त्याची उजवी काच आमच्याकडे आहेच, त्यामुळे आता आमच्याकडे दोन कुत्रे आहेत. आत्या सकाळपासून न्हाऊन, डोक्यात फूल घालून बसली होती. शेजारच्या ठकीलाही बोलावलं होतं. मी डबा उघडला, आत्याने काच दोन्ही हातांनी उन्हाकडे धरली, पुष्कळ वेळ बघितलं, आणि मग खाली ठेवली. ठकी हसली. मी तिच्यावर चिडले, तीही रुसून गेली. म्हणजे तुझ्या एका कुत्र्यामुळे शेजारही गेला.

माझ्या वर्णनात कुत्रा कुठे होता ते दाखव. विंचवाच्या गोंदणाचा हात लिहिला होता मी. तुला वाचता येतं. तू शहापूरला सोसायटीच्या निवडणुकीत सगळ्यांचे अर्ज वाचून त्यातल्या चुका काढतोस. मग या एका काचेपाशीच तुझी अक्कल गहाण का पडते?

मला आता वाटतं की काच तुझ्याकडे आहे, आणि तू मुद्दाम देत नाहीस. तसं असेल तर का, ते तरी सांग. आमचं तुम्ही काय खाल्लं, तुमचं आम्ही काय खाल्लं, हे सगळं आजोबांबरोबर गेलं असं मी समजत होते. तू अजून त्या वाटणीतच बसला असशील तर खुशाल बस. पण एका म्हाताऱ्या बाईला तिच्या आईचं तोंड न दाखवून तुला काय मिळतं?

या रविवारी मी स्वतः येते आहे.

दिपाली


किन्हवली,
१ मार्च २०२५

चि. दिपाली हिस,
अनेक आशीर्वाद.

येऊ नकोस. हे पत्र जगन तुझ्या शाळेतच आणून देईल. घरी वाचू नकोस.

काच माझ्याकडे आहे. ती पेटीत नाही, आतल्या खोलीत आहे. शहापूरच्या स्टुडिओतून तिच्यावरून मोठा फोटो काढून बाबांनी फ्रेम केला होता, त्याला आम्ही दर सणाला हार घालतो. तू आमच्याकडे रुपालीच्या बारशाला आलीस ती मांडवातूनच परत गेलीस, म्हणून तुला माहीत नाही. तो माझ्या आजीचा फोटो आहे. पारूआजीचा. तुझ्या आत्याची काकू.

फोटोत आजी उभी आहे आणि तिचा एक हात बाजूला पसरलेला आहे, कोपरापाशी फोटो संपतो. आम्हाला लहानपणापासून सांगितलेलं की आजीने गाईच्या पाठीवर हात ठेवलाय, गाय फोटोत मावली नाही. ती गाय कपिला होती आणि दोन वेळ दूध द्यायची, इथपर्यंत बाबा सांगायचे! मी आजवर ते खरं मानत होतो. तुझ्या पहिल्या पत्रात विंचू वाचला आणि मी गिरणीत पोत्यावरच बसलो. आजीच्या हातावर तो विंचू होता. मी लहान असताना तिच्या मांडीवर डोकं ठेवून त्याच्या नांग्या बोटाने गिरवायचो. ती झोपेत हात ओढून घ्यायची.

आत्याची आई ती अंगावर पीत होती तेव्हा गेली असं तूच लिहिलंस. फोटोत आत्या चार वर्षांची आहे असंही तूच लिहिलंस. तू मास्तरीण आहेस, मी आणखी काय सांगू?

म्हणून मी पोतनीसाचं निमित्त केलं, भाकरीचं उदाहरण दिलं आणि शेवटी कुत्रा पाठवला. तुला वाटेल मी काच अडवली. अडवलीच. आत्याला दुसरं काही नाही, एक हात आहे. ही काच पाठवली की तोही जाणार. आणि जाणार कोणाकडे, तर जिच्या नावाने तुमच्या घरात वाटणी झाल्यापासून इतकी वर्षं बोटं मोडली, जिच्या मयतीला तुमच्याकडून कोणी आलं नाही, त्या पारूकडे. तुझ्या शिव्या खाणं मला सोपं वाटलं.

आता तू तिला काय सांगायचं ते ठरव. काच फुटली असं सांगितलंस तर मी माझ्याकडून तसंच सांगेन.

कळावे. लोभ आहे तो कमी करू नकोस.

तुझा,
सुरेंद्रदादा


मुरबाड,
४ मार्च २०२५

दादा,

ही चिठ्ठी घाईत आहे. जीपवाल्याच्या हाती देते आहे, पोचताक्षणी वाच.

तुझं पत्र मी शाळेच्या व्हरांड्यात वाचलं आणि तिथेच रडले. तुला काय काय बोलले मी! त्याबद्दल भेटल्यावर. आत्याला मी तू म्हणालास तसंच सांगितलं, काच फुटली म्हणून. तिने फक्त विचारलं की तुकडे कुठे आहेत. मी म्हटलं, टाकले. ती दोन दिवस धड जेवली नाही. आज शाळेतून आले तर घराला कडी. ठकी (अजून रुसलेली, तरी एवढं बोलली) सांगते की आत्या सकाळीच नवं लुगडं नेसून, आपली काच कमरेला बांधून जगनच्या जीपमध्ये बसली. काच फुटली तर तुकडे टाकतात होय, मी जाऊन उकिरड्यातून वेचते, असं ठकीला म्हणाली.

तुझा फोन लागत नाही, कारण तू मला ब्लॉक केलं आहेस. वहिनींचा नंबर मी त्याच रागात काढून टाकला होता. म्हणजे आपण दोघे एवढे शहाणे की घरात चार मोबाइल असून मी तुला चिठ्ठी लिहिते आहे. आधी तो फोटो भिंतीवरून उतरव. आणि तिला पाणी दे, जीपमध्ये तिला मळमळतं.

दिपाली


किन्हवली,
४ मार्च २०२५, संध्याकाळ

चि. दिपाली हिस,
आशीर्वाद.

आत्या पोचली, सुखरूप आहे. तुझी चिठ्ठी तिच्यानंतर आली, त्यामुळे फोटो उतरवायला उशीर झाला. मी गिरणीत होतो. रुपाली घरी होती, तिने पाहुणीला सरळ आतल्या खोलीत नेऊन बसवलं.

मी पोचलो तेव्हा आत्या फोटोसमोर उभी होती. कमरेची काच सोडून तिने फोटोच्या कडेला लावून धरली होती. फोटो मोठा आणि काच तळहाताएवढी, तरी हात हाताला बरोबर भिडवला होता. मला बघून तिने विचारलं, ही पारूकाकू ना? मी मान हलवली. फुटलेली काच कोणती, असंही तिने विचारलं. मग ती खाली बसली आणि बराच वेळ पदर तोंडाला लावून होती. रुपाली घाबरली, तुझी वहिनी पाठीवरून हात फिरवत राहिली. मी दाराशी खांबासारखा उभा. इतकं करून जे टाळायचं ते माझ्याच घरात घडलं याचा मला असा काही संताप आला की मी उगाच अंगणातल्या कोंबड्यांवर ओरडलो.

पुढचं ती स्वतः सांगणार म्हणते. रुपालीला वही घेऊन बसवलं आहे. मला बाहेर काढलं आहे. पाकीट एकच असल्याने ते पान यातच घालतो.

नंबर उघडला आहे. आज मात्र फोन करू नकोस, ती थकली आहे.

तुझा,
दादा


किनवली

दिपालीस तुज्या आत्याचा आशीर्वाद.

रुपाली लिवते, मी सांगते. जसं सांगते तसंच लिव म्हटलंय, शाळेतलं करू नको म्हटलंय.

मी बरी हाय. जीपमदी मळमळलं नाय. ठकीला सांग रुसू नको, कुत्रा बगून कोन पन हसंल.

तू खोटं बोललीस, सुऱ्या पन खोटं बोलला. दोगं येवडी शिकली आन दोगांना येक खोटं सारकं बोलता येत नाय. मना राग आला व्हता. जीपमदी बसून तुमाला लय शिव्या दिल्या. जगन आयकत व्हता.

मंग हितं तिला बगितली. आदी माजा जीव गेला. मना वाटलं, चला, व्हता तो हात पन गेला. लय रडली गो. येवड्या वरसांनी बगायला मिळालं त्ये कोन, तर पारू! आपल्या घरात तिचं नाव नीट कुनी घेतलं नाय. मी पन नाय घेतलं. ती मेली तवा मी शेतावं व्हती, सांगावा आला, मी तसंच कापीत ऱ्हायली.

पन मंग इचार केला. हात तर बदलला नाय ना? माज्या खांद्यावं हाय तोच हात हाय. मी त्याच हाताला आई म्हनत आली. आता त्या हाताला तोंड गवसलं, तर त्ये तोंड दुसऱ्या कुनाचं कसं व्हईल? जिनं जलम दिला ती मना ठाव नाय. तिचं तोंड वर गेल्यावं बगीन, ती वळखंल मना. हिचं आज बगितलं. नाक चपटं हाय. माज्यासारकं नाय. बरी हाय दिसायला.

भादव्यात पितरांना पान वाडशील तवा माज्या आईचं पान वाडतेस तसंच वाड. तिच्या बाजूला अजून येक पान मांड, पारूचं. सुऱ्या आताच दारातून बोलला का आजीचं पान आमच्याकडं असतं, दोन ठिकानी नाय चालत. तुमी पुन्यांदा भांडू नका. मी त्याला सांगितलं, चालतं रे. तिनं जलमभर तुमच्या घरात खाल्लं आन फोटो काडायची येळ आली तवा आमच्या पोरीला धरून उभी ऱ्हायली. आता येक दिस आमच्याकडं जेवू दे तिला, पोटभर.

तुजी,
यमू